पाटील सर, म्हणजे कुठले पाटील?

कुठल्याही हापिसात नवीन मेल सर्व्हर बसला की आठवड्याभरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सगळ्यांचे पत्ते एकाच ठिकाणी दिसायला पाहिजेत यार, तेवढं करून टाक." हे 'तेवढं' फार फसवं आहे. डिस्क, बॅकअप, स्पॅम, सर्टिफिकेट ही सर्व्हरची बाकीची कामं किचकट असतात, पण ती आपली, अॅडमिन लोकांची असतात. सामायिक अॅड्रेस बुक वरवर बघता अर्ध्या तासाचं काम. हात घातला की कळतं, ह्यातले निम्मे प्रश्न सर्व्हरचे नाहीतच. आपल्या हापिसात कोण कोण आहे, कोणाला कुठल्या नावाने ओळखायचं, कोणाचा नंबर कोणी बघायचा... हे प्रश्न हापिसचे आहेत, आणि ते सोडवायला कोणी बसलेलं नसतं म्हणून ते गुपचूप आपल्या गळ्यात येतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी चहा प्यायला जावं. अॅड्रेस बुक ही मेल सर्व्हरची सोय नाही, ती हापिसने केलेली स्वतःच्या माणसांची मोजणी आहे. म्हणून ती मेल अकाउंटच्या यादीवरून बनवू नये, हजेरीपटावरून बनवावी. बस्स. आता ह्याची कारणं.

मी मूळचा लोणखेड्याचा. नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याला अगदी खेटून असलेलं गाव. नोकरी पुण्यात. पण घरात 'कॉम्प्युटरचा मुलगा' असला की सुट्टीवर गेल्यावर काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. अशाच एका दिवाळीत आमच्या भागातल्या एका संस्थेच्या हापिसात हे काम करून द्यायला बसलो होतो. पुण्यातल्या कंपनीत हेच काम अनेकदा केलं होतं, पण तिथे न पडलेले प्रश्न इथे पहिल्या तासात पडले.

पहिला प्रश्न: पाटील सर, म्हणजे कुठले पाटील?

आमच्याकडे पाटील, पटेल, चौधरी, पावरा, वसावे, वळवी, पाडवी ही आडनावं इतकी की नुसतं आडनाव सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. "पाटलांना मेल टाक" म्हटलं की समोरून येणार, "कोणता पाटील रे भो?" एकाच खात्यात एस. डी. पाटील आणि डी. एस. पाटील असणं ही काही गंमत नाही, रोजचं आहे. आता मेल लिहिताना 'पाटी' एवढं टाईप केलं की सुचवण्यांची रांग लागते आणि माणूस घाईत पहिल्या नावावर एंटर मारतो. पगाराची स्लिप, गोपनीय अहवाल, रजेचं कारण ह्यातलं काहीही चुकीच्या पाटलांकडे जाऊ शकतं.

उपाय अगदी साधा आहे. दिसणारं नाव, म्हणजे तांत्रिक भाषेत डिस्प्ले नेम, ह्यात खातं आणि पद घाला. 'पाटील एस. डी. (लेखा)'. 'पाटील डी. एस. (ग्रंथालय)'. एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. पण हे ठरवायला हापिसने एकदा बसून ठरवावं लागतं की नाव आधी की आडनाव आधी. आपल्या शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी असतं, व्हिजिटिंग कार्डावर नाव आधी, आणि बोलताना नुसतं 'सर', 'मॅडम', 'आण्णा', 'नाना', 'बापू'.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे, कारण हा घोळ काही आपल्या अॅडमिनने केलेला नाही. आज बऱ्याच ऑफिसांत अॅड्रेस बुकच्या मागे एलडॅप नावाचा प्रोटोकॉल असतो, मग समोर थंडरबर्ड असो, राउंडक्यूब असो, नाहीतर झिंब्रा. त्याचं मूळ एक्स-५०० नावाच्या मानकात आहे, जे १९८८ साली आलं. ते टेलिफोनच्या जगातून आलेलं. सगळ्या दुनियेची मिळून एक मोठी डिरेक्टरी करायची, अशी ती कल्पना. ते प्रकरण एवढं अवजड होतं की १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या टिम होज आणि मंडळींनी त्याची हलकीफुलकी आवृत्ती काढली, ती एलडॅप. नावातला 'एल' म्हणजे 'लाइटवेट', हलकं.

ह्या मानकात 'माणूस' म्हणजे काय ह्याची व्याख्या आहे. खरंच आहे. माणसाला दोन गोष्टी सक्तीच्या: एक पूर्ण नाव आणि एक आडनाव. बाकी सगळं ऐच्छिक. आडनाव नसेल तर सर्व्हर तुम्हाला माणूस मानायलाच तयार नाही, एन्ट्री परत पाठवतो. मग अॅडमिन काय करतो, तर आडनावाच्या रकान्यात एक टिंब टाकतो किंवा नावच पुन्हा लिहितो. वडिलांच्या नावाला स्वतंत्र जागा नाही. आपल्याकडे तर नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही तीन पायांची तिवई. आणि आता तीही बदलली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला आहे. ही पोरं नोकरीला लागतील तेव्हा कोणीतरी अॅडमिन डोकं धरून बसेल. त्याला माझ्या आत्ताच शुभेच्छा :-)

पण एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. ह्या स्कीमात पूर्ण नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने एकापेक्षा जास्त किमती घेतात. म्हणजे एका माणसाच्या एन्ट्रीत पूर्ण नाव चार वेळा, चार प्रकारे लिहिता येतं, आणि शोधताना चारांपैकी कुठलंही चालतं. आता आमच्याकडचं उदाहरण घ्या. पावरा हे आडनाव इंग्रजीत कोणी डब्ल्यूने लिहितं, कोणी व्हीने, कोणी मध्ये एक ए जास्त घालतं. वसावे आणि वळवीचंही तेच. शोधणाऱ्याने भलतं स्पेलिंग टाकलं की सर्व्हर निर्विकारपणे सांगतो, असं कोणी नाही. अहो, असं कसं नाही, माणूस तर शेजारच्या टेबलावर बसलाय! सगळी स्पेलिंग एकाच एन्ट्रीत टाका, माणूस सापडतो. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडम जुन्या आणि नव्या दोन्ही आडनावांनी सापडतात, आणि त्यांना कुठलं दाखवायचंय ते त्या ठरवतात. 'नाना' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ 'नाना' शोधल्यावरही सापडतात.

आणि हो, देवनागरी. "सर्व्हरला मराठी चालत नाही" हे मी अजूनही ऐकतो. एलडॅपची तिसरी आवृत्ती १९९७ साली आली तेव्हापासून त्यातली नावं युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ मध्ये साठवली जातात. म्हणजे आपल्यातले बरेच जण शाळेत पाढे पाठ करत होते तेव्हापासून सर्व्हरला मराठी नाव चालतंय. चालत नाही ती आपली भरायची तयारी.

असो. नावांचं झालं. दुसरा प्रश्न त्याहून चिवट: पत्ता माणसाचा की खुर्चीचा?

शिक्षक निवृत्त होतात, लिपिकाची बदली होते, लेखापाल दुसरीकडे जातो. पण बाहेरच्या माणसाला, म्हणजे विद्यार्थ्याच्या पालकाला किंवा बिल पाठवणाऱ्या दुकानदाराला, 'लेखा विभाग' हवा असतो, त्या खुर्चीत आज कोण बसतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. भारत सरकारने २०१५ साली जाहीर केलेल्या ई-मेल धोरणात ह्याचा विचार होता. अधिकाऱ्याला मागणीनुसार दोन आयडी, एक नावाचा आणि एक पदाचा, आणि ज्यांचा लोकांशी संबंध येतो त्यांच्यासाठी पदाचा आयडी बरा, अशी ती भूमिका होती. गंमत म्हणजे १९८८ च्या त्या मानकातही 'पद' नावाची वेगळी वस्तू आहे, आणि तिच्यात 'सध्या ह्या पदावर कोण' असा रकाना आहे. खुर्ची कायम, माणूस बदलता. पस्तीसपेक्षा जास्त वर्षांपूर्वी सुचलेली ही सोय मी फार थोड्या ठिकाणी वापरलेली पाहिली आहे. आपण काय करतो? माणूस गेला की त्याचं अकाउंट बंद करतो आणि त्या पत्त्यावर येणारे मेल हवेत विरतात. दुकानदाराला वाटतं हापिस उत्तर देत नाही.

आता तिसरा प्रश्न. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. ज्याला मेल आयडीच नाही, त्याचं काय?

मेल सर्व्हरवर सामायिक अॅड्रेस बुक चालू केलं की बहुतेक सॉफ्टवेअर एक सरळ गोष्ट करतं: ज्यांची अकाउंट आहेत त्यांची यादी दाखवतं. एक्स्चेंज असो, झिंब्रा असो, डिफॉल्ट हेच. त्यात वाईट काही नाही, मेल पाठवायला मेल आयडीच लागतो. पण हापिसातली माणसं त्या यादीलाच हळूहळू 'स्टाफ लिस्ट' म्हणायला लागतात. दिवाळीच्या शुभेच्छा त्या यादीवर जातात, प्रशिक्षणाची सूचना त्या यादीवर जाते, गट विम्याचा फॉर्म भरायची शेवटची तारीख त्या यादीवर जाते. आणि शिपाई, सफाई कामगार, रात्रीचा वॉचमन, पंप चालू करणारा माणूस, बसचा ड्रायव्हर, कंत्राटी लॅब असिस्टंट ह्या सगळ्यांना ती सूचना कोणीतरी तोंडी सांगितली तर कळते. नाही सांगितली तर नाही. गट विम्याच्या बाबतीत 'नाही कळलं' ह्याची किंमत काय असते ते हिशेब करणाऱ्याने करावं.

हे नवीन नाही. लँडलाईनच्या काळातली जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी आठवते? तिच्यात माणसं नव्हती, फोनचे मालक होते. ज्याच्या नावावर फोन, तो त्या घराचा माणूस. आजी, आई, काकू ह्या त्याच घरात राहायच्या, पण त्या पुस्तकाप्रमाणे त्या जगात नव्हत्या. आपलं अॅड्रेस बुक तेच करतं. फक्त फोनच्या जागी मेलबॉक्स आला.

मी ज्या हापिसात बसलो होतो तिथे खरी डिरेक्टरी सर्व्हरवर नव्हतीच. ती एका ज्येष्ठ लिपिकांच्या कापडी बांधणीच्या रजिस्टरात होती. पाण्याची मोटर जळाली तर कोण, जनरेटरचं डिझेल कोण आणतं, धडगावकडच्या शाखेची किल्ली कोणाकडे, वसतिगृहात रात्री कोणी आजारी पडलं तर गाडी कोणाची. काही पत्त्यांवर अजून 'जि. धुळे' लिहिलेलं होतं, म्हणजे १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला त्याच्याही आधीच्या नोंदी. त्या रजिस्टरात प्राचार्य आणि पंपवाला एकाच पानावर, एकाच अक्षरात होते. सगळे जण गरज पडली की त्यांच्याकडे जायचे. पण ते निवृत्त होणार तेव्हा? रजिस्टर राहील, पण 'बापू म्हणजे कोण' हे त्यांच्या डोक्यात आहे.

आता कोणी म्हणेल, मेल आयडी नसलेल्या माणसाला मेल सर्व्हरच्या वहीत कसं घालणार? तांत्रिक उत्तर आहे: आरामात. एलडॅपच्या 'माणूस' व्याख्येत मेल हा रकाना सक्तीचा नाहीच. नाव, आडनाव, पद, फोन एवढ्यावर एन्ट्री होते. मेल लिहिताना तो माणूस सुचवला जाणार नाही हे खरं, पण वही उघडून 'पंप' किंवा 'वॉचमन' शोधलं की दिसेल, फक्त अॅडमिनने फिल्टर तसा लावायला हवा. एक्स्चेंजसारखं सॉफ्टवेअर मेल नसलेली एन्ट्री दाखवत नाही, तिथे ह्या लोकांसाठी वेगळी सामायिक संपर्क यादी ठेवता येते. आणि २०११ साली कार्डडॅव्ह नावाचं मानक आल्यापासून अशी वही मोबाईलवर उतरवून घेता येते. आमच्याकडे ही चैन नाही, गरज आहे. तोरणमाळच्या बाजूला डोंगरात रेंज जाते, तेव्हा नंबर फोनमध्येच असलेला बरा.

"पण कशाला एवढा खटाटोप, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की!" हा आक्षेप मला दर वेळी ऐकायला मिळतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. शिपाई आणि ड्रायव्हर मेलवर नसतील, ग्रुपवर असतात. पण ग्रुपमध्ये पद दिसत नाही, माणूस सोडून गेला तरी नंबर राहतो, ग्रुप अॅडमिनच्या मर्जीने कोणीही आत-बाहेर होतं, आणि सर्वात वाईट म्हणजे प्रत्येकीचा खाजगी मोबाईल नंबर ग्रुपमधल्या प्रत्येकाला दिसतो. नको त्या वेळी आलेल्या नको त्या 'गुड नाईट'चा त्रास ज्यांना झाला आहे, त्यांना विचारा.

म्हणजेच मोजणी सगळ्यांची करायची, पण सगळ्यांचं सगळं उघडं टाकायचं नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. ओपनएलडॅपमध्ये एकेका रकान्यापुरती परवानगी ठरवता येते: नाव, पद आणि हापिसचा नंबर सगळ्यांना, खाजगी मोबाईल फक्त खातेप्रमुखाला आणि आस्थापना विभागाला. स्कीमात घरच्या पत्त्याचा आणि घरच्या फोनचा रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं कुठे आहे? रकाना रिकामा ठेवणं हाही निर्णय असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही सूर हाच आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच वापरा.

आणि जर तुमचं हापिस सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणारं असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये, मागणी कोणी करायच्या आधीच स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टींची यादी आहे. त्यातली एक आहे अधिकारी आणि कर्मचारी ह्यांची निर्देशिका. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत ती जाहीर करायची होती. कायद्यात शब्द 'अधिकारी आणि कर्मचारी' असा आहे, 'मेल आयडी असलेले अधिकारी' असा नाही. म्हणजे मी जे सांगतोय ते काही एका इंजिनिअरचं वीकेंडचं तत्त्वज्ञान नाही, संसदेने आधीच सांगून ठेवलेलं आहे.

तर मंडळी, करायचं काय? सोमवारी हापिसात गेल्यावर सर्व्हरला हात लावायच्या आधी आस्थापनेकडून हजेरीपट घ्या, आणि कंत्राटदाराकडून त्याच्या माणसांची यादी. प्रत्येकाला एकच विचारा: तुमचं नाव कसं लिहायचं आणि तुम्हाला लोक काय म्हणतात? पदांच्या एन्ट्री वेगळ्या करा. खाजगी नंबर विचारून घ्या आणि झाकून ठेवा. फोन नंबर एकाच पद्धतीने लिहा, म्हणजे शहाद्याचा असेल तर ०२५६५ न लिहिता अधिक ९१ आणि मग २५६५, मोबाईलवरून थेट लागतो. आउटलुक वापरत असाल तर ऑफलाइन वही साधारण दिवसातून एकदाच ताजी होते, तेव्हा "मी आजच आलो, दिसत नाही" म्हणणाऱ्याला उद्यापर्यंत थांबायला सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वही कोण अद्ययावत ठेवणार त्या माणसाचं पद लिहून ठेवा. हे काम अॅडमिनचं नाही, आस्थापनेचं आहे. कोण आलं आणि कोण गेलं हे त्यांना आपल्या आधी कळतं.

काम बरोबर झालं की नाही हे तपासायला मी एकच चाचणी वापरतो. तुमच्या ऑफिसच्या अॅड्रेस बुकमध्ये रात्रपाळीच्या वॉचमनचं नाव शोधा. सापडलं तर ठीक. नाही सापडलं, तर तुमच्याकडे अॅड्रेस बुक नाही, मेल अकाउंटची यादी आहे. आणि नावच माहीत नसल्यामुळे शोधता आलं नाही, तर काम अॅड्रेस बुकच्याही आधीपासून बाकी आहे.